हे कोण बोलतंय?

सत्राचा दुसरा आठवडा होता. पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी इंग्रजीतला अडीचशे शब्दांचा एक उतारा दिला होता, मीच लिहिलेला. विषय परीक्षांचा. लेखी परीक्षा हाच हुशारी मोजण्याचा सगळ्यांत निःपक्षपाती मार्ग आहे असं पुष्कळांना वाटतं, असं पहिल्या परिच्छेदात म्हटलं होतं. सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका, सगळ्यांना तेवढाच वेळ, मग भेदभावाला जागा कुठे राहते? दुसरा परिच्छेद 'हाऊएव्हर' या शब्दाने सुरू होत होता आणि तिथून शेवटपर्यंत पहिल्या परिच्छेदातला मुद्दा हळूहळू खोडून काढला होता. प्रश्न एकच होता: लेखकाचं म्हणणं दोन वाक्यांत लिहा.

वह्या तपासायला बसले. निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं होतं की, लेखकाच्या मते लेखी परीक्षा हाच सर्वोत्तम मार्ग आहे. अक्षर नीटनेटकं, वाक्यं बरीचशी शुद्ध, आणि अर्थ नेमका उलटा. आधी वाटलं, शब्द अडले असतील. पण उतारा सोपा होता. मग वाटलं, घाईत लिहिलं असेल. पण वेळ भरपूर दिला होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरच्या एका मुलीला मी उतारा मोठ्याने वाचायला सांगितला. तिने न अडखळता वाचला, स्वल्पविरामाला थांबत, पूर्णविरामाला आवाज खाली आणत. वाचून झाल्यावर विचारलं, "लेखकाला लेखी परीक्षा पटते की नाही?"

"पटते, मॅडम."

"कुठे म्हटलंय तसं?"

तिने पहिल्या परिच्छेदातल्या वाक्यावर बोट ठेवलं. वाक्य तिथे होतंच. मी विचारलं, "हे कोण बोलतंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. प्रश्नच कळला नव्हता. उतारा लेखकाचा, मग त्यात लेखकच बोलणार ना? मी म्हटलं, "पुष्कळांना वाटतं, असं लिहिलंय. ते पुष्कळ म्हणजे कोण? लेखक त्यांच्यातला आहे का?" तिचं बोट हळूहळू खाली सरकत गेलं, 'हाऊएव्हर'पाशी थांबलं, पुन्हा वर गेलं. मग ती म्हणाली, "पण मॅडम, त्याला पटतच नाही, तर मग त्याने पहिला परिच्छेद लिहिला कशाला?"

इतकी वर्षं हा विषय शिकवतेय, पण त्याच्या मुळाशी जाणारा यापेक्षा चांगला प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. अख्खं वर्षभर मी जे शिकवते, ते या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

शाळेतल्या वाचनाचा विचार केला, की या मुलांचं नेमकं कुठे अडतं ते दिसतं. उतारा, त्याखाली पाच प्रश्न. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, तो सापडला की ते वाक्य उचलून उत्तरात लिहायचं. हे करायला अर्थ कळावा लागत नाही. मी वर्गात फळ्यावर एक वाक्य लिहिते: 'लोंबड्या गपकाने काल तिरपट सोळली.' मग विचारते, तिरपट कोणी सोळली? सगळा वर्ग एका सुरात, "लोंबड्या गपकाने!" कधी सोळली? "काल!" गपक कसा होता? "लोंबडा!" पैकीच्या पैकी गुण. मग विचारते, सोळणं चांगलं की वाईट? वर्ग गप्प होतो. त्या शांततेत मुलांना पहिल्यांदा जाणवतं की, आजवर आपण ज्याला वाचणं म्हणत होतो, ते बरंचसं असंच होतं.

यात मुलांचा दोष नाही. जे मागितलं गेलं, ते त्यांनी दिलं. कॉलेजात आल्यावर मात्र त्यांच्यापुढे जे मजकूर येतात, ते एकट्या माणसाने एका दमात सांगितलेले नसतात. लेखक दुसऱ्याचं मत मांडतो, त्याला थोडी मान्यता देतो, मग शंका काढतो, मध्येच एखादा अपवाद कबूल करतो, आणि या सगळ्यातून वाट काढत स्वतःच्या म्हणण्यापाशी येतो. पानावर तीन-चार माणसं बोलत असतात. त्यांचे आवाज वेगळे करता आले नाहीत, तर शब्द न् शब्द कळूनही अर्थ उलटा लागतो.

आणि हे आवाज वेगळे करणारे शब्द असतात किती बारके! 'हाऊएव्हर', 'ऑल्दो', 'सपोझेडली', 'इट इज ऑफन सेड'. मुलं यांच्यावरून सहज पुढे निघून जातात, कारण हे शब्द त्यांना 'येतात'. शब्दकोशात शोधायचा तो मोठा, अनोळखी शब्द, असा समज असतो. एका मुलाच्या झेरॉक्सवर मी पाहिलं, दर दोन ओळींना एका शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलने बारीक मराठी अर्थ लिहिलेला. मेहनत डोळ्यांत भरत होती. उताऱ्यात एके ठिकाणी होतं, की तीन तासांचा पेपर या फरकाचा 'अकाउंट फॉर' करू शकत नाही, म्हणजे या फरकाचं कारण त्यातून उलगडत नाही. त्याने 'अकाउंट'च्या डोक्यावर लिहिलं होतं 'खातं'. शेजारच्या 'फॉर'वर काहीच नव्हतं. तो शब्द त्याला पहिलीपासून माहीत होता. त्याला अडवणारा शब्द सोपा निघाला, आणि सोपा होता म्हणूनच त्याने अडवलं.

शब्दांचा हिशेब लोकांनी फार बारकाईने मांडून ठेवला आहे. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये इंग्रजीतल्या सर्वाधिक उपयोगी अशा सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली तिला जोड दिली. त्या २,००० शब्दांच्या बाहेरचे, पण निरनिराळ्या विद्याशाखांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येणारे ५७० शब्दसमूह (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक समूह) त्यांनी वेगळे काढले: 'अझ्यूम', 'डिराइव्ह', 'सिग्निफिकंट', 'कन्सिस्ट' अशांसारखे. अभ्यासाच्या मजकुरातले साधारण दहा टक्के शब्द या ५७० समूहांमधले असतात. मला ही यादी फार मोलाची वाटते, कारण ती मुलांना धीर देते. इंग्रजीचा समुद्र अथांग आहे असं वाटून हातपाय गाळणाऱ्या मुलाला सांगता येतं की, बाळा, तुला आधी एवढंच तळं पोहायचं आहे.

दुसरा एक आकडाही मी वर्गात सांगते. कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा असेल, तर त्यातले जवळजवळ ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असं या विषयातले अभ्यासक सांगतात. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. ओळखीचं प्रमाण ९५ टक्क्यांवर आलं, की वीस शब्दांत एक अडतो, आणि वाचणाऱ्याची दमछाक सुरू होते. म्हणून मी मुलांना अवघड पुस्तकांच्या आधी सोपी पुस्तकं वाचायला लावते, भरपूर. बारावी पास झालेल्या मुलाला लहान मुलांची गोष्ट वाचायला कमीपणा वाटतो. वाटू दे. पानामागून पान शब्दकोश न उघडता उलटण्याचं सुख ज्याने एकदाही घेतलेलं नाही, त्याला वाचनाची गोडी लागणार कशी?

उताऱ्यांच्या बाबतीत मात्र मी सोपेपणाकडे वळत नाही. तिथे पेन्सिल लागते. समासात दोन उभ्या रेघा मारून दोन रकाने करायचे. एकात प्रत्येक परिच्छेद काय म्हणतो ते लिहायचं, दुसऱ्यात तो परिच्छेद काय करतो ते. पहिला रकाना मुलं पटकन भरतात. दुसऱ्यापाशी आठवडाभर अडतात. परिच्छेद काय 'करतो' म्हणजे? मी क्रियापदं सुचवते: उदाहरण देतो, कारण सांगतो, शंका काढतो, थोडं मागे घेतो, दुसऱ्याचं मत मांडतो. हळूहळू त्यांची स्वतःची क्रियापदं यायला लागतात. शेवटच्या बाकावर बसणारा, वर्गात सहसा न बोलणारा एक मुलगा. परीक्षांच्याच उताऱ्याच्या पहिल्या परिच्छेदापुढे त्याने दुसऱ्या रकान्यात मराठीत लिहिलं होतं, 'इथे लेखक समोरच्याला आधी बोलू देतो.'

मी ते वाक्य फळ्यावर उतरवून घेतलं. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तिला तिच्याच वर्गातून मिळालं होतं. मला ते इतक्या नेमक्या शब्दांत देता आलं नसतं.

आता लिहिण्याकडे येते, कारण खरी चूक मी तिथे केली होती.

पहिल्या वर्षाला लेखन शिकवण्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम ही काही नवी कल्पना नाही. अमेरिकेत हार्वर्डने १८८५ मध्ये 'इंग्लिश ए' नावाचा असा अभ्यासक्रम पहिल्या वर्षाला लावला. आजही जगभर कॉलेजं या ना त्या रूपात तेच करतात. आणि शाळेतून आलेल्या मुलांना लिहिता येत नाही ही तक्रारही तितकीच जुनी आहे. सव्वाशे-दीडशे वर्षं प्रत्येक पिढीला आपलीच मुलं सगळ्यांत कच्ची वाटत आली आहेत. हे कळल्यापासून मी ती तक्रार करणं सोडून दिलं.

पण लाल पेन सोडायला मला पुढे बरीच वर्षं लागली. निबंध आले की मी प्रत्येक चुकीभोवती गोल करायची. काळ चुकला, गोल. 'द' राहिला, गोल. स्पेलिंग, गोल. रात्री जागून केलेलं काम होतं ते, आणि मुलांच्या भल्यासाठीच करत होते. एकदा एक मुलगी निबंध घेऊन आली आणि आनंदाने म्हणाली, "मॅडम, मागच्या वेळी एकतीस गोल होते. या वेळी चारच." मलाही आनंद झाला. तिच्या डोळ्यांदेखत मी दोन्ही निबंध शेजारी शेजारी ठेवले, शाबासकी द्यायला म्हणून. आणि वाचता वाचता माझा हात थांबला.

पहिल्या निबंधात तिने आपल्या आजोबांबद्दल लिहिलं होतं. त्यांना ऐकू येईनासं झालं आहे. घरातले सगळे त्यांच्याशी ओरडून बोलतात, पण सावकाश कुणी बोलत नाही. आजोबांना मोठा आवाज नको आहे, त्यांना थोडा वेळ हवा आहे. हे तिने मोडक्यातोडक्या, एकमेकांत अडकलेल्या लांब वाक्यांत लिहिलं होतं, आणि त्या वाक्यांवर माझे एकतीस गोल होते. समासात मी एक शब्दही लिहिला नव्हता. दुसऱ्या निबंधात तेच आजोबा होते. माझे आजोबा म्हातारे आहेत. त्यांना ऐकू येत नाही. आम्ही सगळे त्यांच्यावर प्रेम करतो. आपण वडीलधाऱ्यांचा आदर केला पाहिजे. चार-पाच शब्दांची स्वच्छ, शुद्ध वाक्यं. जिथे जिथे चूक व्हायची भीती होती, तिथे तिथे तिने बोलणंच सोडून दिलं होतं. आजोबांना सावकाश बोलणारं माणूस हवं आहे, हे तिला दिसलेलं सत्य माझ्या गोलांनी पुसून टाकलं होतं.

तिला मी काय सांगितलं ते आठवत नाही. त्या रात्री मी तिचा पहिला निबंध पुन्हा वाचला, पेन हातात न घेता, आणि समासात पेन्सिलने लिहिलं, 'हे वाचताना मला कसंतरी झालं. ते सावकाश बोलणाऱ्या माणसाबद्दल अजून सांग.' हे मी पहिल्या दिवशीच लिहायला हवं होतं.

चुकांकडे कसं पाहायचं, हे मला मिना शॉनेसी या बाईंकडून शिकायला मिळालं. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने १९७० मध्ये प्रवेशाचे दरवाजे सर्वांसाठी उघडले, तेव्हा ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजचं तोंडही पाहिलं नव्हतं अशी मुलं हजारोंनी आली. शॉनेसी तिथल्या सिटी कॉलेजात शिकवत होत्या. त्यांनी अशा नवख्या मुलांचे सुमारे ४,००० निबंध वाचले आणि १९७७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. चुका या निष्काळजीपणातून किंवा मठ्ठपणातून येत नाहीत, प्रत्येक चुकीमागे त्या मुलाने मनाशी बांधलेला काहीतरी नियम असतो, हे त्यांनी उदाहरणांमागून उदाहरणं देऊन दाखवलं. शिकवणाऱ्याने तो नियम शोधून काढायचा असतो.

मी शोधायला लागले. मराठीतून विचार करणारी मुलं पुष्कळदा असं लिहितात: 'द बुक विच आय रेड, इट वॉज इंटरेस्टिंग'. त्यातला 'इट' फालतू आहे, गोल करून मोकळं होता येतं. पण मराठीत आपण काय म्हणतो? 'जे पुस्तक मी वाचलं, ते छान होतं.' 'जे' आलं की 'ते' यावंच लागतं, नाहीतर वाक्य लंगडं पडतं. मुलाने 'ते' इमानेइतबारे इंग्रजीत नेलं, आणि त्याचं नाव 'इट' झालं. हे असं फळ्यावर दोन ओळींत मांडून दाखवलं, की वर्गात एकदम हलकल्लोळ होतो. "अरे, म्हणून!" त्यानंतर ती चूक बऱ्याच जणांची सुटते. 'डिस्कस अबाउट'चंही तसंच. आपण एखाद्या गोष्टी'विषयी' चर्चा करतो, त्यातला 'विषयी' कुठेतरी जायलाच हवा ना?

'द'चं प्रकरण जास्त नाजूक. 'मी पुस्तक विकत घेतलं' आणि 'मी पुस्तक परत केलं', या दोन वाक्यांत मराठीला काही फरक करावा लागत नाही. कोणतं पुस्तक ते बोलण्याच्या ओघात कळतं. इंग्रजीत लिहिणाऱ्याला मात्र दर वेळी ठरवावं लागतं, की हे पुस्तक वाचणाऱ्याच्या ओळखीचं आहे का. ओळखीचं असेल तर 'द', नवीन असेल तर 'अ'. नियमांची यादी पाठ करून मुलांचा गोंधळ वाढतो, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. पण 'तुझ्या वाचणाऱ्याला हे कोणतं पुस्तक ते ठाऊक आहे का?' असं विचारलं, की मूल थबकतं, वर पाहतं, आणि पुष्कळदा बरोबर उत्तर देतं. कारण आता त्याच्यासमोर कुणीतरी बसलेलं असतं.

व्याकरण बिनमहत्त्वाचं आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. नोकरीच्या अर्जातल्या दोन चुकांवरून समोरचा माणूस या मुलांची किंमत ठरवतो, आणि ते मला माहीत असताना मी त्यांना तसंच पुढे पाठवणार नाही. पण एका वेळी दोनच चुका घ्यायच्या, त्याही शेवटच्या खर्ड्यात. आधी काय म्हणायचंय ते म्हणून घ्यायचं.

कच्चा खर्डा लिहायची मुलांना सवयच नसते. निबंध म्हणजे एकदा लिहून टाकायचा आणि द्यायचा. 'पुन्हा लिहा' म्हटलं, की त्यांना ती शिक्षा वाटते. पुन्हा लिहून आणतात तेव्हा 'गुड'च्या जागी 'मॅग्निफिसंट' आलेला असतो, 'बिग'च्या जागी 'इनॉर्मस', बाकी सगळं जागच्या जागी. नॅन्सी सोमर्स यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकं हेच टिपलं आहे. पहिल्या वर्षाची वीस मुलं आणि लिहिण्याचा अनुभव असलेली वीस प्रौढ माणसं. प्रत्येकाने तीन निबंध लिहिले आणि प्रत्येक निबंध दोनदा पुन्हा लिहिला. मुलं शब्द बदलत राहिली. अनुभवी लिहिणारे आपल्या म्हणण्याचा आकार शोधत होते, आणि वाचणारा हे कसं वाचेल याचा विचार करत होते. 'वाचणारा' ही व्यक्ती मुलांच्या मनात जवळपास नव्हतीच.

म्हणून मी वर्गात कात्री आणते. खरीखुरी. खर्डा कागदाच्या एकाच बाजूला लिहायचा, मग परिच्छेद कापून बाकावर पसरायचे आणि शेजाऱ्याला ते मनाने जुळवायला सांगायचे. शेजाऱ्याने वेगळाच क्रम लावला, की लिहिणारा आधी चिडतो. "असं नाही रे, हे त्याच्यानंतर येतं!" "पण तू तसं कुठे लिहिलंयस?" या एका प्रश्नाने जे काम होतं, ते माझ्या दहा व्याख्यानांनी झालेलं नाही. पुष्कळदा मधली एक पट्टी कुठेच बसत नाही. ती कापून बाजूला ठेवायचं धाडस ज्या दिवशी मूल करतं, त्या दिवशी ते लिहायला लागलं असं मी समजते.

आणि मोठ्याने वाचणं. आपला निबंध आपण वाचायचा नाही, शेजाऱ्याने वाचायचा. लिहिणाऱ्याने नुसतं ऐकायचं आणि वाचणारा जिथे अडखळला तिथे पेन्सिलने टिंब द्यायचं. शेजाऱ्याने चुका काढायच्या नाहीत. त्याने फक्त सांगायचं: इथपर्यंत मला कळलं, इथे माझी वाट चुकली, हे मला आवडलं. सुरुवातीला मुलं लाजतात. मग एखादा निबंध वाचता वाचता वाचणाराच हसतो किंवा गप्प होतो, आणि लिहिणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. आपण लिहिलेलं कुणापर्यंत पोचलं, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेलं असतं.

वर्षाच्या सुरुवातीचे निबंध वाचले, तर बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं: 'इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड'. त्या वाक्यात कुणीच बोलत नाही. ते मुलाचं नाही, पुस्तकाचं नाही, ते एक सुरक्षित ठिकाण आहे, जिथे उभं राहिलं की कुणी रागवत नाही. आता तर विषय सांगितला की यंत्र अख्खा निबंध लिहून देतं, एकही गोल न पडणारा. तसा एक माझ्याकडे आला. मी त्या मुलाला बोलावलं आणि तोच जुना प्रश्न विचारला: "हे कोण बोलतंय?" त्याने मान खाली घातली. मला त्याला पकडायचं नव्हतं. ज्याने चुकांची इतकी धास्ती घेतली आहे, तो चुका न करणाऱ्याकडे लिहायला देणारच. मी म्हटलं, "यातलं तुला खरंच पटतं असं एक वाक्य उद्या आण. आणि ते का पटतं, ते तुझ्या इंग्रजीत लिही. कसंही." त्याने पाच ओळी आणल्या. त्यात चुका होत्या, आणि तो होता.

हे सगळं सगळ्यांच्या बाबतीत जमतं असं नाही. साठांहून अधिक मुलं, आठवड्याला मोजके तास, डोक्यावर अभ्यासक्रम. काही मुलं वर्षअखेरपर्यंत 'इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड' सोडत नाहीत. काही सोडतात, पण परीक्षा जवळ आली की पुन्हा तिथेच जाऊन उभी राहतात. प्रत्येक खर्ड्यावर दोन ओळी मनापासून लिहायच्या म्हटलं तर रविवार जातात. मला ते रविवार गेल्याचं दुःख नाही, पण शिकवणाऱ्याच्या वाट्याला इतकी मुलं देऊन त्याच्याकडून नुसते गुण मागणाऱ्या व्यवस्थेबद्दल मात्र मनात राग आहे. लिहायला शिकणाऱ्याला वाचणारं माणूस लागतं, आणि माणसाच्या वाचनाला वेळ लागतो. तेवढा तरी वेळ द्यायला हवा.

परवा सत्राचे शेवटचे निबंध तपासत होते. विषय मुलांनीच निवडायचा होता. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाचा निबंध हातात आला. पहिलं पान भरून त्याने लिहिलं होतं, की वर्गात गप्प बसणाऱ्या मुलांना काही येत नसतं. ज्याला येतं, तो हात वर करतोच. गप्प बसणं म्हणजे आळस, नाहीतर भीती. एकामागून एक मुद्दे, तेही असे ठाम की मला वाईट वाटायला लागलं. हा स्वतःबद्दल असा विचार करतो? कुणी मनावर बिंबवलं हे त्याच्या? मी पेन्सिल उचलली आणि समासात लिहिलं, 'हे तुला खरंच असं वाटतं?'

मग पान उलटलं. पहिला शब्द होता, 'हाऊएव्हर'.